टामेनच्या फळ्यावर बापटचं नाव

पक्षी बघायला जाणाऱ्यांबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, की त्यांना खूप पक्षी दिसतात. छे! पक्षी दिसतो तो क्षणभर, तोही पाठमोरा. बाकी दिवसभर माणसंच दिसतात, आणि ती उडूनही जात नाहीत. त्यामुळे आमच्याकडे धड फोटो चार आणि किस्से पोतंभर. हॅनोव्हरमध्ये कुणाकडेही जेवायला जा, पानात वरणभात पडायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ए, ते बापटचं सांग ना."

तर सांगते. बापट आणि मी एकाच कंपनीत. मी गिअरबॉक्सला, तो ब्रेक टेस्टिंगला. दर जूनच्या शेवटी आम्ही नॉर्थ सीमधल्या एका चिमुकल्या बेटावर आठवडाभर पक्षी बघायला जायचो. बेटाचं नाव सांगत नाही, कारण तिथे आम्हाला पुन्हा घर भाड्याने मिळायला हवंय. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा गिरीश, बापट, आणि उन्हाळ्यात सांगलीहून आलेल्या त्याच्या आई, माई. बापटची बायको वैदेही एकदाच आली. त्यानंतर दर जूनला तिला न चुकता ऑफिसचं महत्त्वाचं काम निघतं. हुशार बाई!

बेटावर एक पक्षी-केंद्र होतं. केंद्र कसलं, लाकडी खोपटं. ते टामेन नावाचा साठीचा गृहस्थ सांभाळायचा. उंच, शिडशिडीत, उन्हाळ्यातही लोकरी टोपी. खोपटाबाहेर एक काळा फळा, त्यावर तीन रकाने: पक्षी, कोणी पाहिला, पुरावा. साधा पक्षी असेल तर पुरावा लागत नसे, पण साधे पक्षी टामेन फळ्यावर घेतच नसे. दुर्मीळ पक्ष्याला फोटो हवा. फोटो नाही, तर नाव नाही. संपलं.

बापटची आयुष्यात एकच महत्त्वाकांक्षा होती: त्या फळ्यावर आपलं नाव. हसू नका. ह्या माणसाचं प्रमोशन हुकलं, त्या दिवशी तो कॅन्टीनमध्ये दोनदा पुडिंग घेऊन मोकळा झाला. पण टामेन "नाईन, हेर बापट", म्हणजे "नाही, बापटसाहेब", म्हणाला, की त्याला आठवडाभर अन्न गोड लागायचं नाही.

*

पहिल्या वर्षीचा किस्सा बीचचा. सुरय नावाचे पांढरे समुद्रपक्षी जिथे अंडी घालतात, तिथे जायची वाट एका खास बीचवरून होती. खास म्हणजे, तिथे कपडे घालत नाहीत. आम्हाला काय माहीत? पाटी होती, पण पाटीवर बसलेला पक्षी बघण्याच्या नादात पाटी कुणी वाचली नाही.

समोरून सत्तरीचे एक आजोबा आले. अंगावर टोपी आणि गळ्यात दुर्बीण, बस्स. आमच्या दुर्बिणी बघून त्यांना फारच आनंद झाला. थांबून बापटशी चिखल्या पक्ष्यांबद्दल गप्पा मारायला लागले. बापट सांगलीचा. बघायचं कुठे, हा प्रश्न! त्याने नजर सरळ आभाळात लावली आणि तिकडे बघतच उत्तरं देत राहिला. आजोबांना वाटलं, वर काहीतरी आहे. तेही वर बघायला लागले. शेजारून दोन बायका आल्या, त्याही वर. पाहता पाहता अख्खा बीच, जन्मला तसा, कपाळावर हात धरून आभाळात बघतोय!

तेवढ्यात टामेन सायकलवरून आला. त्याने विचारलं, काय दिसलं? आता बापट काय सांगणार? म्हणाला, समुद्रगरुड. टामेनने एकेकाला विचारलं. सगळी प्रामाणिक माणसं. प्रत्येकाने सांगितलं, मला काही दिसलं नाही, पण ह्या भारतीय गृहस्थांची अगदी खात्री होती.

माई मात्र एवढा वेळ आजोबांकडेच बघत होत्या, निर्विकारपणे. शेवटी खांद्यावरची शाल काढून त्यांच्या हातात दिली आणि मराठीत म्हणाल्या, "घ्या हो, वारा फार आहे."

माई सगळ्यांशी मराठीतच बोलायच्या. लोक जर्मनमध्ये उत्तर द्यायचे. दोघांचंही व्यवस्थित चालायचं. शाल दुसऱ्या दिवशी इस्त्री करून परत आली.

*

ह्या सुरय पक्ष्यांचं एक आहे. पिल्लांच्या जवळ गेलात तर ते डोक्यावर चोच मारतात, आणि नेमका सर्वांत उंच भाग शोधून मारतात. म्हणून जाणकार लोक डोक्यावर काठी धरून चालतात.

बापटने काठी कधी घेतली नाही. तो गिरीशच्या खांद्यावर हात टाकून चालायचा. गप्पा मारत, हसत, अगदी कॉलेजचा दोस्त असल्यासारखा. गिरीशला भरून यायचं. मला म्हणाला, परदेशात अशी मैत्री मिळायला नशीब लागतं.

गिरीश सहा फुटांच्या वर आहे आणि बापट माझ्याएवढा. हा हिशोब गिरीशच्या लक्षात यायला दुसरा उन्हाळा उजाडला. तोवर टाळूला दोनदा टिंक्चर लागलं होतं.

*

खाण्याचंही सांगायला हवं. पक्षी बघायला तिथे लाकडी आडोसे बांधलेत. आत बाकावर बसायचं, फटीतून बघायचं, आणि चिडीचूप. जर्मन माणसं त्यात दोन-दोन तास श्वाससुद्धा विचारून घेतल्यासारखी बसतात. आम्ही गेलो, बसलो, आणि माईंनी पिशवीतून भडंग काढलं. सांगलीचं. कुरकुरीत.

पहिल्या घासाला सगळ्या माना वळल्या. दुसऱ्या घासाला एक बाई "ऱ्हूऽऽ" म्हणाल्या, म्हणजे शांतता. आता तोंडात घास आहे, थुंकता येत नाही, चावता येत नाही. मग काय, आम्ही चौघांनी भडंग तोंडात धरून विरघळवलं. भडंग! लसणाचे तुकडेसुद्धा. बाहेर आलो तेव्हा गिरीश म्हणाला, पक्षी कोणता होता? कुणालाच माहीत नव्हतं.

*

फोटोशिवाय नाव नाही म्हटल्यावर बापटने मोठा कॅमेरा घेतला. आणि लपायला जागा म्हणून समुद्रकाठची वेताची खुर्ची शोधली. तिथे बीचवर ह्या खुर्च्या असतात. दोन माणसांची, वर छप्पर, तिन्ही बाजूंनी बंद, भाड्याने मिळणारी. बापटने तिला फांद्या बांधल्या, आणि लेन्स बाहेर काढून सकाळीच आत जाऊन बसला.

तासाभराने खुर्चीचा खरा भाडेकरू आला. नंबर तपासला. बापटने चुकीच्या खुर्चीला सजवलं होतं! पण तो गृहस्थ इतका भिडस्त, की भांडण नको म्हणून "मोइन", म्हणजे नमस्कार, म्हणत शेजारी बसला आणि पेपर उघडला. बापटला वाटलं, हा आगाऊ माणूस आपल्या खुर्चीत घुसलाय, पण मोठ्या मनाने चालवून घेऊ. दोघंही दुपारपर्यंत एकमेकांना सहन करत, चकार शब्द न काढता बसले.

आणि त्याच दुपारी, एक लांब चोचीचा, कधीमधीच दिसणारा पाहुणा पक्षी उतरला. कुठे? बापटच्या खुर्चीच्या छपरावर! बसला तो बसलाच. अख्ख्या बीचने बघितला. मी बघितला, गिरीशने बघितला, भेळ खाता खाता माईंनी बघितला. टामेन सायकल टाकून धावत आला, त्यानेही बघितला. ओरडायचं कसं? उडून जाईल. पंचवीस जणांनी फोटो काढले. फक्त छपराखालच्या दोघांना पत्ता नव्हता.

संध्याकाळी फळ्यावर एवढी नावं झाली, की टामेनला बारीक अक्षरात लिहावं लागलं. गिरीशचंही होतं. बापट त्याच्याशी परतीच्या बोटीपर्यंत बोलला नाही.

*

पण खरा घाव घातला तो माईंनी.

बेटावर गाड्या नाहीत, म्हणून सामान न्यायला हातगाड्या मिळतात. माईंचे गुडघे दुखायचे, म्हणून बापट त्यांना हातगाडीत बसवून समुद्राच्या बांधावरून फिरवायचा. उशी, छत्री, मांडीवर टॅब्लेट, त्यावर सांगलीच्या बहिणीशी स्काइप. महाराणीच!

एक दिवस बांधावर बापटला आभाळात काहीतरी दिसलं. त्याने दोन्ही हातांनी दुर्बीण धरली. दोन्ही! गाडी निघाली. बांधाचा उतार, खाली मेंढ्या. आम्ही बोंबलत मागे. माई मात्र शांतपणे बहिणीला सांगत होत्या, "अगं, ब्रेक टेस्टिंग करतो म्हणे आमचा नंदू."

गाडी मेंढ्यांच्या मधोमध जाऊन थांबली. सुदैवाने कुणाला काही झालं नाही, मेंढ्यांनाही नाही. आणि माईंच्या बाजूला हातभर अंतरावर, गवतात, तुरा उभारून एक हुदहुद चोच खुपसत होता. आपल्याकडे बागेत दिसतो तो. पण त्या बेटावर तो कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. टॅब्लेटचा कॅमेरा सुरूच होता. सांगलीच्या मावशींनी, ताई पडली का बघायला, स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. त्यात माईंचा अर्धा चष्मा आणि अख्खा हुदहुद!

टामेनने तो फोटो बराच वेळ बघितला, माईंशी हात मिळवला, आणि फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं: हुदहुद, फ्राऊ माई. बापट शेजारी उभा होता. म्हणाला, "माई, अभिनंदन." तोंड असं, की जणू कुणीतरी दात काढलाय.

*

आणि मग ते कावळ्याचं.

त्या वर्षी टामेन बराच उतरलेला दिसत होता. त्याची बायको एल्के हिवाळ्यात गेली होती. खोपटात येणाऱ्याजाणाऱ्याला चहा तीच करायची. एल्केची सख्खी बहीण गेझा, बेटावरची एकुलती एक बेकरी चालवते. टामेन आणि गेझा दहा-बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कशावरून, ते दोघांनाही आता नीट सांगता आलं नसतं. टामेन पाव बोटीने मुख्य भूमीवरून मागवायचा. एवढ्याशा बेटावर! ही गोष्ट आमच्या घरमालकिणीने पहिल्याच दिवशी सांगितली होती, म्हणजे बेटाला पाठ होती.

बापट त्या वर्षी एका दुर्मीळ कुरव पक्ष्याच्या मागे होता. आणि रोज सकाळी त्याचा फोटो साधायच्या वेळी आमच्या अंगणात एक कावळा येऊन कोकलायचा. माई खूश. पोळीचा पहिला तुकडा कुंपणावर ठेवायच्या. म्हणायच्या, हॅनोव्हरचे कावळे सगळे ठार काळे, त्यांच्याशी आपलं नातं लागत नाही. हा बघ, कसा आपल्याकडचा, राखाडी मानेचा. कुरव उडाला, की बापट कावळ्याला चप्पल फेकून मारायचा. नेम चांगला नव्हता, म्हणून वाचला.

बुधवारी बापट फोटोविनाच कुरव नोंदवायला खोपटात गेला, आम्हीही सोबत. नेहमीप्रमाणे "नाईन." मग टामेनने माईंना सौजन्याने विचारलं, झोप नीट लागते ना? बापट वैतागून म्हणाला, कसली झोप, तो राखाडी मानेचा कावळा झोपू देईल तर ना!

टामेन म्हणाला, ती डोले असणार. डोले म्हणजे तिकडची एक छोट्या चणीची कावळ्याची बहीण. झालं! बापट भडकला. आजवर हा माणूस त्याला सुरय शिकवत आला, चिखल्या शिकवत आला, त्याने ऐकून घेतलं. पण कावळा? डोलेचा डोळा पांढरा, ह्याचा काळा, हे सांगितलं. चोच सांगितली, कपाळ सांगितलं, आणि शेवटी भर खोपटात, मान पुढे काढून, हुबेहूब आपल्या कावळ्यासारखा ओरडून दाखवला.

टामेन खाली बसला. आपला हा गावकावळा जहाजावर बसून कधीकधी परदेशात पोचतो म्हणे. त्या बेटावर तो आजवर कुणी, कधीही पाहिला नव्हता. टामेनने विचारलं, केव्हापासून आहे? बापट म्हणाला, शनिवारपासून. फोटो? बापटने त्याच्याकडे असं बघितलं, की जणू त्याने डासाचा फोटो मागितलाय. "हेर टामेन, कावळा कोण रिपोर्ट करतं?"

टामेनने फोन फिरवले. दुसऱ्या दिवशीच्या बोटीतून चाळीसएक पक्षीवाले उतरले. हातभर लेन्सा, तिकाट्या, डबे. आमच्या कुंपणाबाहेर रांगेने उभे राहिले. आणि कावळा गायब!

दहा वाजले, अकरा वाजले. कुजबुज सुरू झाली. कुणीतरी "डोले" म्हणालं, कुणीतरी हसलं. टामेन खाली बघत होता. त्याच्या शब्दावर लोक आले होते. बापटचा चेहरा बघवेना. आज कावळा आला नाही, तर त्याचं नाव फळ्यावर लागणं सोडाच, पुन्हा त्या फळ्यासमोर उभं राहायचीही त्याला चोरी झाली असती. मला पहिल्यांदाच त्याची खरोखर दया आली.

बाराला माई बाहेर आल्या. म्हणाल्या, कावळा बोलवायचा तर तो असा यंत्रं रोखून येतो का? कागदी ताटलीत भात, वरण, तूप, वर लिंबाची फोड असं मांडलं आणि अंगणात ठेवलं. टामेन पुढे झाला. पक्ष्यांना खायला घालायला बंदी आहे. बापट म्हणाला, हे खाऊ घालणं नाही, ही आमची पद्धत आहे. टामेनने विचार केला. मग छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकला आणि कुंपणाबाहेर इतरांच्यात जाऊन उभा राहिला.

माईंनी पदर खोचला आणि हाक घातली. "काऽव, काऽव."

आणि पलीकडच्या काटेरी झुडपातून उत्तर आलं! चाळीस माणसांनी एकदम श्वास घेतला. लेन्सा झुडपाकडे वळल्या. पण दिसेना. माई हाक मारतात, तो आतून ओ देतो, बाहेर काही येत नाही. असं अर्धा तास.

माई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कुणाची तरी इच्छा राहिलीय." टामेनने बापटला विचारलं, काय म्हणतात? बापटने, खरं तर त्याने गप्प बसायला हवं होतं, पण त्याने इंजिनिअरच्या प्रामाणिकपणाने सगळं भाषांतर केलं. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल, तर कावळा अन्नाला शिवत नाही. जिवंत माणसाने ती पुरी करायचा शब्द द्यावा लागतो. मग शिवतो.

मला वाटलं, आता हशा होणार. चाळीस जर्मन माणसं गंभीरपणे विचारात पडली. मग त्यांनी, देवाशपथ सांगते, रांग केली.

पहिला ब्रेमेनचा एक गृहस्थ. झुडपासमोर उभा राहून वडिलांना म्हणाला, बागेतलं सफरचंदाचं झाड तोडत नाही. थांबला. कावळा नाही. बाजूला झाला. मग एक बाई, आजीला म्हणाल्या, केकचं पीठ हातानेच मळेन, मशीन वापरणार नाही. नाही. एकाने आईला शब्द दिला, की तिने विणलेला स्वेटर घालेन. मग जरा थांबून म्हणाला, घरात. माई म्हणाल्या, मनापासून म्हणायला सांग. बापटने सांगितलं, "फोन हेर्त्सन, बिटे." रांग पुढे सरकत होती.

सगळ्यांत शेवटी टामेन होता.

त्याने लोकरी टोपी काढली. डोक्यावर केस नव्हते, ते मी प्रथमच पाहिलं. त्याने टोपी काढली, म्हणून बाकीच्यांनीही काढल्या. झुडपाकडे बघून तो म्हणाला, "बरं, एल्के. गेझाशी बोलतो."

झुडूप गप्प.

माईंनी विचारलं, काय म्हणाले? बापटने सांगितलं. माई म्हणाल्या, "कधी, ते विचार." बापट कचरला. पण आईचा शब्द. त्याने विचारलं. टामेनने बराच वेळ टोपी हातात फिरवली.

"आज," तो म्हणाला.

झुडूप हललं. राखाडी मानेचा कावळा टुणटुण उड्या मारत बाहेर आला. ताटलीभोवती एक चक्कर मारली, लिंबाची फोड बाजूला केली, आणि भात खाल्ला. सावकाश. सगळा. मग कुंपणाच्या खांबावर चोच पुसली आणि समुद्राकडे, दूरवरच्या एका जहाजाच्या दिशेने उडून गेला.

मग ब्रेमेनच्या गृहस्थाने हातातल्या टोपीकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. चाळीस लेन्सा, आणि एकाने फोटो काढला नव्हता! मीही नाही. डोळ्यांत पाणी असताना फोटो कोण काढतं?

संध्याकाळी आम्ही सगळे फळ्यासमोर उभे होतो. टामेनने फडकं मारलं, खडू घेतला. पक्षी: गावकावळा. कोणी पाहिला: बापट. आणि तिसऱ्या रकान्यापाशी त्याचा हात थांबला. बोलला तो बापटच. "हेर टामेन, फोटो नाहीये."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, टामेन म्हणाला. मग पुराव्याच्या रकान्यात लिहिलं, "जेवला", आणि बेकरी बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून सायकलही न घेता, खडूच्या हातांनी तसाच पळत सुटला.